मी नाही असं समज

काकांनी गॅसच्या सिलिंडरचं सरासरी आयुष्य काढलं होतं. मुलुंडच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असायचं. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी सिलिंडर लावल्याची तारीख काकू त्यात लिहायच्या, आणि वर्ष संपलं की जुनं कॅलेंडर रद्दीत जायच्या आधी काका ते दिवस मोजून ठेवायचे. पाच माणसांच्या घराला सरासरी 26 दिवस. तेव्हा जोडीचा दुसरा सिलिंडर मिळायला वर्षंच्या वर्षं वाट पाहावी लागे, म्हणून भरलेल्या सिलिंडरसाठी नंबर कधी लावायचा हे त्या आकड्यावरून ठरे. एका दिवाळीत चकल्यांचा तिसरा घाणा कढईत असताना 17व्या दिवशीच गॅस गेला. काकू हातातल्या झाऱ्यानिशी बाहेर आल्या. "अहो, आता तुमची सरासरी घाला कढईत."

"सरासरी म्हणजे काही आश्वासन नव्हे," एवढं म्हणून काका चपला घालून शेजारी स्टोव्ह मागायला गेले.

काका आयुर्विमा महामंडळात अ‍ॅक्च्युअरी होते. हा शब्द ऐकून समोरचा हमखास "म्हणजे अकाउंटंट ना?" विचारायचा आणि काका "तसंच काहीसं" म्हणून सोडून द्यायचे. तसं ते नव्हतंच. कोणत्या वयाची किती माणसं वर्षाभरात जातात याचे तक्ते मांडायचे. त्यावरून आज हप्ता किती घ्यावा, दर हजारी बोनस किती द्यावा आणि तीस-चाळीस वर्षांनी शेवटचा दावा येईल तेव्हाही तिजोरीत पैसे कसे उरतील, हे काढायचं, असं ते काम. परीक्षा लंडनच्या संस्थेच्या आणि एकेक पेपर माणसाला रडवणारा. काकांना सगळे पेपर सुटायला अकरा वर्षं लागली. पहाटे चारला उठायचं, सातपर्यंत अभ्यास, मग डबा घेऊन लोकल. दिवसभर ऑफिसात फॅसिट मशीनचं हँडल फिरवायचं. मुलं झाली, त्यांचे ताप-खोकले झाले, तरी पहाटेचा दिवा सुटला नाही. एका पेपरात ते चारदा नापास झाले होते, आणि ही गोष्ट ते मुलांच्या निकालाच्या दिवशी आवर्जून सांगायचे.

या वाटेला ते का गेले, त्यालाही घरचंच कारण होतं. आजोबांनी पोटाला चिमटा काढून एका छोट्या कंपनीचा विमा उतरवला होता. कंपनी बुडाली. त्या काळात अशा बऱ्याच बुडाल्या. 19 जानेवारी 1956 ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली आणि 1 सप्टेंबरला 245 विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून महामंडळ उभं राहिलं. काका तेव्हा सतरा वर्षांचे होते. आजोबांचे पैसे काही परत आले नाहीत, पण कंपनी बुडते म्हणजे नेमकं कोणाचं गणित चुकतं, हा प्रश्न काकांच्या डोक्यात बसला तो बसलाच.

गेल्या श्रावणात काका गेले. 86 वर्षांचे होते. शोकसभेत सगळे म्हणाले, सज्जन होते, मनमिळाऊ होते, कुटुंबवत्सल होते. खरंच होते. पण 'कुटुंबवत्सल' हा शब्द आपण इतक्यांना लावतो की त्यातून काहीच कळत नाही. माझे वडीलही कुटुंबवत्सल होते. ते 2009 मध्ये गेले, आणि पुढचे अकरा महिने माझी आई एका पिशवीत कागद, पाण्याची बाटली आणि चष्मा घालून रिक्षाने बँकेत जात राहिली.

बाबा तिला काही कमी पडू देत नसत. वीजबिल, बँक, पोस्ट, आयकर, सगळं स्वतः करायचे. आईने कधी विचारलंच तर म्हणायचे, "तू कशाला डोकं शिणवतेस? मी आहे ना." त्या "मी आहे ना"त प्रेमच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बाबा गेल्यावर कळलं की लॉकरला नॉमिनी नाही, दोन ठेवी बाबांच्या एकट्याच्या नावावर आहेत आणि आईची बँकेतली सही 1981 सालची आहे. शिवाय आईची नावं तीन. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, लग्नात बदललेलं रेशन कार्डावर, आणि पॅन कार्डावर तिसरंच स्पेलिंग. खिडकीमागच्या माणसाचंही चुकत नव्हतं. तीन नावांची बाई एकच आहे हे त्याने कशावरून मानायचं? आई मात्र घरी येऊन म्हणायची, "या वयात मी कोण हे सिद्ध करत फिरतेय."

काकांनी हे जवळून पाहिलं. आणि माझ्या आईची फरपट संपल्यावर येणाऱ्या एप्रिलच्या पहिल्या रविवारी त्यांनी आपल्या घरात तालीम सुरू केली.

तालीम अशी. सकाळचा चहा झाला की काका खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसत, पेपर तोंडासमोर धरत आणि म्हणत, "आज मी नाही असं समज." त्यानंतर दुपारच्या जेवणापर्यंत ते काही बोलत नसत. काकूंनी कपाट उघडायचं, कागद काढायचे आणि काका नसताना घर कसं चालेल ते एकटीने करून दाखवायचं. पेन्शन कुठे जमा होतं, त्यांच्यामागे तिला किती मिळेल, अर्ज कोणाकडे द्यायचा, कोणती ठेव कधी मुदतीला येते, लॉकरची किल्ली कुठे आहे, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कुठे आहे.

पहिल्या वर्षी काकू उठून गेल्या. "सकाळी सकाळी असलं अभद्र बोलू नका," म्हणाल्या आणि तांदूळ धुवायला लागल्या. काकांनी पेपर खाली केला नाही. दुसऱ्या वर्षी रागारागाने सगळं केलं. तिसऱ्या वर्षी मी तिथे होते. काकूंनी एक ठेवीची पावती वर धरली. "ही अजून सासूबाईंच्या आणि यांच्या नावावर आहे. त्या जाऊन सहा वर्षं झाली." पेपरामागून आवाज आला, "बरोब्बर!" काकू वळल्या आणि म्हणाल्या, "मेलेला माणूस बोलत नसतो."

मी एकदा काकांना विचारलं, असं का करता, काकूंना त्रास होतो. ते म्हणाले, "अगं, हिशेब बघ." हिशेब सरळ होता. काकू त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. आपल्याकडे बायकांचं सरासरी आयुर्मान पुरुषांपेक्षा दोन-तीन वर्षांनी जास्त. बेरीज केली तर ढोबळमानाने सात-आठ वर्षं ती एकटी असणार. लाख जोडप्यांचा हिशेब हेच सांगतो. आपल्या जोडप्याचं काय होईल ते कोणताही तक्ता सांगत नाही. उलटही होईल. पण पैज लावायची तर कोणत्या बाजूने लावायची, हे उघड आहे. "आणि आपण काय करतो," ते म्हणाले, "जी मागे राहण्याची शक्यता जास्त, तिलाच काही सांगत नाही."

स्कॉटलंडच्या दोन पाद्रींची गोष्ट त्यांची आवडती. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेब्स्टर यांनी 1740 च्या दशकात धर्मोपदेशकांच्या विधवांसाठी निधी काढला. दानधर्म गोळा करून वाटण्याऐवजी त्यांनी मोजायला घेतलं. 930 धर्मोपदेशक, त्यांतले वर्षाला सरासरी 27 जातात, आणि 27 पैकी 18 जण पत्नी मागे ठेवून जातात. त्यावरून प्रत्येकाने किती भरायचं ते ठरवलं आणि निधी टिकला. काका त्या 18 वर बोट ठेवायचे. त्यांच्या मते त्यांचा सगळा धंदा त्या 18 बायकांसाठी जन्माला आला होता. इतिहासकार एवढं सोपं मांडणार नाहीत, पण काकांना ते तसं मांडायला आवडायचं आणि मलाही ते पटतं.

लोक सरासरीचा अर्थ भलताच लावतात, यावर ते चिडायचे. स्वातंत्र्याच्या सुमाराला आपलं सरासरी आयुर्मान 32 होतं म्हणजे लोक बत्तिशीत मरत नव्हते. तान्ही मुलं फार दगावत होती म्हणून सरासरी खाली यायची. आज ते 70 च्या आसपास आहे. पण साठी गाठलेल्या माणसाला पुढे अजून सरासरी अठरा वर्षं असतात, म्हणजे सत्तर ही त्याची शेवटची तारीख धरून पैसा खर्चून टाकायचा नाही. निवृत्तीला आलेल्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

काकांच्या तालमीतून मी जे शिकले ते आता सांगते, कारण ते कोणत्याही घरात चालेल. अ‍ॅक्च्युअरी असायची गरज नाही.

नॉमिनी म्हणजे मालक, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. बँक किंवा कंपनी ज्याच्या हातात पैसे देऊन मोकळी होते तो नॉमिनी. ते पैसे शेवटी कोणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत हेच सांगितलं. आयुर्विम्यात पत्नी, मुलं, आईवडील नॉमिनी असतील तर 2015 च्या दुरुस्तीने थोडा वेगळा नियम केला आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. नॉमिनी लावाच, आणि मृत्युपत्रही कराच. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केलीत आणि त्यांनी तुमच्यादेखत सह्या केल्या की झालं. साक्षीदार मात्र असा नको की ज्याला त्यातून काही मिळणार आहे. आणि शक्यतो तुमच्याहून तरुण असावा. हे शेवटचं काकांचं, साहजिकच.

मृत्युपत्र नसेल तर काय होतं तेही माहीत असू द्या. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर बायको आणि मुलगे-मुली यांच्याबरोबर त्याची आईही पहिल्या वर्गाची वारस असते. वडील त्या वर्गात नाहीत. "सगळं आपोआप बायकोलाच मिळतं" या समजुतीवर किती घरं चालली आहेत, देव जाणे.

बँकेत 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चार नॉमिनीपर्यंत लावता येतात. काकांना हे पाहायला मिळालं नाही; त्यांनी लगेच टक्केवारी मांडली असती. ज्या खात्यातून घर चालतं ते पती-पत्नी दोघांच्या नावावर, 'दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो' अशा पद्धतीचं असू द्या. म्हणजे तेराव्याच्या आधी किराणा भरायला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. उलट, गेलेल्या माणसाचं कार्ड वापरून पैसे काढू नका. नियमात ते बसत नाही आणि पुढे वारसांत वाद झाला तर तेच कागद समोर येतात. त्याचा मोबाइल नंबर मात्र घाईने बंद करू नका. निम्म्या ठिकाणचे संदेश आणि सूचना त्याच नंबरावर येत असतात.

बायकांच्या नावांचं तर आजच बघा. आधार, पॅन, बँक, पेन्शन, पॉलिसी, सगळीकडची अक्षरं जुळवून बघा. जुळत नसतील तर नवरा-बायको दोघं असताना जुळवून घ्या. काकांनी काकूंच्या नावातला बदल राज्याच्या राजपत्रात छापून आणला आणि त्या अंकाच्या प्रती काढून ठेवल्या. कर्ज काढून धंदा करणाऱ्यांनी विमा घेताना 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्यावा. अर्जासोबत एक पुरवणी भरायची असते, ती पॉलिसी सुरू होण्याआधी. तशी पॉलिसी बायको-मुलांच्या नावे विश्वस्त निधी ठरते आणि कर्ज देणाऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. दीडशे वर्षांचा कायदा आहे आणि विमा विकणारेही पुष्कळदा सांगत नाहीत.

आणि विम्याच्या प्रस्तावपत्रात साखर, रक्तदाब, सिगारेट लपवू नका. तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीच्या खरेपणावर बोट ठेवता येत नाही, हे आता लोकांना पाठ झालंय. पण पहिल्या तीन वर्षांत माणूस गेला तर? यावर मात्र काकांचा आवाज चढायचा. खोटं लिहिणारा कंपनीला फसवत नाही, म्हणायचे, तो त्याच्यासारखाच हप्ता भरणाऱ्या बाकीच्यांच्या ताटातलं घेतो. महामंडळाच्या शिलकीतला 95 टक्के वाटा पॉलिसीधारकांचा, असा त्यांच्या नोकरीभर कायदा होता. त्या 95 टक्क्यांना ते आपलं घरच समजायचे.

ते 1999 मध्ये निवृत्त झाले. पुढच्या वर्षापासून खासगी कंपन्या आल्या आणि प्रत्येक आयुर्विमा कंपनीला नियमानुसार एक अ‍ॅक्च्युअरी नेमणं भाग पडलं. माणसं होती थोडी. काकांना घरी फोन यायचे, पगाराचे आकडे आम्हाला खोटे वाटावेत असे. तेव्हा आजी अंथरुणाला खिळली होती. काकू आणि काका पाळीपाळीने तिचं करायचे. रात्रीची पाळी काकांची. ते फोनवर नम्रपणे नाही म्हणायचे आणि परत बेडपॅन धुवायला जायचे. हे त्यांनी कधी कोणाला त्याग म्हणून सांगितलं नाही. "आईच्या औषधाची वेळ आहे" एवढंच कारण द्यायचे, जणू काही त्या कंपनीला ते पटणारच होतं.

काका गेल्यावर चौदाव्या दिवशी काकूंनी कपाटातून महामंडळाची जुनी डायरी काढली. पहिल्या पानावर त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलेलं होतं: आधी चहा घे. मृत्यूची नोंद 21 दिवसांत, ती मुलाने केलीच असेल. दाखल्याच्या दहा प्रती काढ, पाच पुरत नाहीत. बाकी घाई कशालाच नाही. पुढच्या पानांवर खाती, ठेवी, नंबर, किल्ल्या, आणि शेवटी 'कोणाचं काही देणं नाही' असं एक वाक्य. काकू ते वाचताना रडल्या नाहीत. त्यांना ते सगळं पाठ होतं. पाच आठवड्यांत पेन्शन त्यांच्या नावावर झालं, ठेवी झाल्या, लॉकर झालं. मुलगा बंगळुरूहून दोनदा आला, तो सोबतीला. सह्या कुठे करायच्या ते काकूच त्याला सांगत होत्या.

तेव्हा या लेखाच्या वाचकांना, आणि त्यातही घरातले कागद एकट्याच्या ताब्यात ठेवणाऱ्या पुरुषांना विनंती आहे. येत्या रविवारी चहा झाल्यावर बायकोला बोलवा. कपाट तिला उघडू द्या. तिने "अभद्र बोलू नका" म्हटलं तर पुढच्या रविवारी पुन्हा बोलवा. पहिल्या वर्षी जमत नाहीच. मुलींनो, तुमची आई आणि वडील दोघं आहेत तोवर तुम्ही हे घडवून आणा. मी आणलं नाही. मला बाबांना विचारायचा संकोच वाटला होता, आणि त्या संकोचाची किंमत आईने अकरा महिने रिक्षाभाड्यात भरली. ज्या घरात कागदांचं बायको बघते, त्या घरात खुर्चीत तिने बसावं आणि कपाट नवऱ्याने उघडावं.

परवा मुलुंडला गेले होते. काकूंनी नुकताच सिलिंडर बदलला होता आणि कॅलेंडरवर तारीख लिहिली होती. मागची तारीख शोधून मी दिवस मोजले. 74 भरले.